आठवणीसाठी घेतलेली सांधेदुखीची गोळी

१९८६ साली पॅट्रिक मॅकगीअर यांनी राजकारण सोडले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ते चोवीस वर्षे आमदार होते आणि त्यातली बरीच वर्षे मंत्री होते. तरुणपणी, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, ते कॅनडाच्या बास्केटबॉल संघातून खेळले होते. पण त्यांचा जीव रमे तो व्हँकुव्हरच्या विद्यापीठातल्या मेंदूच्या प्रयोगशाळेत. पत्नी एडिथही तिथेच काम करत. दोघांचे मूळ शिक्षण रसायनशास्त्राचे आणि ओळख झाली तीही ड्यूपाँट कंपनीत नोकरी करताना. निवडणुका, फायली आणि भाषणे मागे पडली. साठीला टेकलेला हा माणूस पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला.

काचपट्टीवर मेंदूचे पातळ काप होते. अल्झायमरने गेलेल्या माणसांचे मेंदू त्यांच्या घरच्यांनी दान केले होते. या रोगात मेंदूत काय दिसते, हे तोवर ऐंशी वर्षे ठाऊक होते. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आउगुस्टे डेटर ही एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या होत्या : पेशींच्या बाहेर साचलेले चिवट पुंजके आणि पेशींच्या आत वळलेल्या दोऱ्यांच्या गाठी. मॅकगीअरांनी मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी रंग चढवला. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या लहान पेशी असतात. १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्या प्रथम नीट ओळखल्या. मेलेल्या पेशी उचलणे, शिरलेल्या जंतूंवर तुटून पडणे, अशी मेंदूची राखणदारी त्यांच्याकडे असते. एरवी त्या बारीक फांद्या पसरून स्वस्थ असतात. या कापांमध्ये मात्र त्या फुगून पुंजक्यांभोवती घोळका करून उभ्या होत्या. शरीर जंतूंशी लढत असताना पेशींवर जी खूण उमटते, ती त्यांच्यावर ठळक उमटलेली होती.

ही १९८७ ची गोष्ट. त्या काळच्या समजुतीप्रमाणे शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदूच्या उंबऱ्याबाहेर थांबते. मेंदूला सूज येते ती मार लागला किंवा जंतू शिरले तर. म्हातारपणाच्या विसरण्याशी सुजेचा काय संबंध? सुजलेला गुडघा तांबडा होतो, तापतो, ठणकतो. मेंदू ठणकत नाही, कारण त्याला स्वतःला वेदनाच कळत नाही. मग आत वर्षानुवर्षे दाह धुमसत असला तर तो कळणार कुणाला?

अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात, आणखी एक माणूस स्वतंत्रपणे हेच पाहत होता. फिनिक्स शहराजवळ सन सिटी नावाची वसाहत आहे. १९६० मध्ये ती खास निवृत्तांसाठी वसवली गेली. तिथल्या संशोधन संस्थेत जोसेफ रॉजर्स काम करत. संस्थेच्या आसपास सगळी म्हातारी माणसे, आणि मेल्यावर मेंदू द्यायला त्यांतली कितीतरी आपणहून तयार. रॉजर्सना त्या मेंदूंमध्ये मॅकगीअरांना दिसले तेच दिसले. सन सिटी हे नाव लक्षात ठेवावे. ही गोष्ट फिरून तिथे येणार आहे.

व्हँकुव्हरच्या जोडप्याने आता सरळ विचार केला. मेंदूत खरोखर दाह असेल आणि त्याने पेशी मरत असतील, तर आयुष्यभर दाह उतरवणारी औषधे खाणाऱ्यांना हा रोग कमी व्हायला हवा. अशी माणसे कोण? आमवाताचे रोगी. त्यांची बोटे वाकतात, मनगटे सुजतात, आणि ॲस्पिरिन किंवा तसलीच कुठलीतरी गोळी दहा-वीस वर्षे चुकत नाही. मॅकगीअरांनी रॉजर्स आणि एका संधिवाततज्ज्ञाला सोबत घेऊन इस्पितळांच्या नोंदी चाळल्या. आमवात आणि अल्झायमर एकाच माणसात असल्याच्या नोंदी अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडल्या. १९९० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचे छोटे पत्र छापून आले.

त्यांचा दुसरा पुरावा मला जास्त हेलावतो. जपानमध्ये त्या काळी कुष्ठरोग्यांना कायद्यानेच वेगळ्या वसाहतींत ठेवलेले असे. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. तरुणपणी आत आलेली ती माणसे तिथेच म्हातारी झाली होती, आणि कुणी कोणते औषध किती काळ घेतले याच्या नोंदी व्यवस्थित होत्या. औषध होते डॅप्सोन. वर्धा-अमरावतीकडच्या जुन्या माणसांना या गोळीची ओळख करून द्यावी लागणार नाही. १९५० च्या दशकात सेवाग्रामच्या परिसरात डॉ. वार्डेकरांनी कुष्ठरोग हटवण्याचे काम उभे केले ते याच गोळीच्या भरवशावर. डॅप्सोन जंतूंना रोखते, तशी सूजही उतरवते. मॅकगीअरांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर १९९२ मध्ये मांडलेला हिशेब असा : सतत औषध घेणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.९ टक्के, काहीच न घेणाऱ्यांमध्ये ६.२५ टक्के. समाजाने ज्यांना हद्दीबाहेर काढले, त्यांच्या हातापायांसाठी दिलेल्या गोळीने त्यांची आठवण राखली असेल का? हा प्रश्न ज्याला सुचला त्याला झोप लागली नसेल, असे मला वाटते.

रॉजर्सनी लगेच प्रयोग केला. इंडोमेथॅसिन हे सांध्यांच्या सुजेवरचे जुने, जालीम औषध. अल्झायमर सुरू झालेल्या ४४ जणांपैकी काहींना ते आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, असे सहा महिने चालले. १९९३ मध्ये निकाल छापला गेला. औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.३ टक्क्यांनी सुधारले, पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ८.४ टक्क्यांनी घसरले. ज्या रोगात एक पायरी उतरलेला माणूस पुन्हा चढत नाही, तिथे हा आकडा वाचून अनेकांचे हात थरथरले असतील. मात्र शेवटपर्यंत टिकले २८ जणच, दोन्हीकडे चौदा-चौदा. औषध घेणाऱ्यांतल्या कित्येकांच्या पोटाला ते सोसले नाही. एवढ्याशा आकड्यावर कुणाला औषध लिहून देता येत नाही. पण आशा धरायला तेवढा पुरला.

इथे जॉन ब्राइटनर या गोष्टीत येतात. मनोविकारतज्ज्ञ, आणि रोग माणसांच्या समूहात कसा पसरतो याचे अभ्यासक. त्यांनी जुळ्यांकडे पाहिले. जुळ्यांचे आईबाप एक, बालपण एक, एकसारख्या जुळ्यांची तर गुणसूत्रेही एकच. तरी कधीकधी एकाला अल्झायमर आधी होतो आणि दुसऱ्याला बऱ्याच वर्षांनी, किंवा होतच नाही. ब्राइटनरनी तीन किंवा अधिक वर्षांचे अंतर पडलेल्या ५० जोड्या घेतल्या आणि या अंतराचे कारण शोधले. १९९४ मध्ये त्यांनी लिहिले की उशिरा आजारी पडलेल्या किंवा बचावलेल्या भावंडाने दाहशामक औषधे घेतलेली असण्याची शक्यता अधिक दिसते. पुढची पंचवीस वर्षे हा प्रश्न त्यांना सुटला नाही.

मग पुराव्यांची रीघ लागली. बॉल्टिमोरमध्ये १,६८६ लोकांची वर्षानुवर्षे तपासणी चाललेली होती. १९९७ मध्ये तिथून कळले की दोन वर्षांहून अधिक काळ या गोळ्या घेणाऱ्यांना अल्झायमरचा धोका इतरांच्या ४० टक्केच आहे. साध्या पॅरासिटामॉलने, जे वेदना थांबवते पण सूज फारशी उतरवत नाही, असला फायदा दिसला नाही. हे तर तर्काला इतके चपखल बसत होते! नोव्हेंबर २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा अभ्यास आला आणि उरलेसुरले साशंकही डळमळले. ६,९८९ माणसे, सरासरी पावणेसात वर्षे पाठपुरावा, आणि गोळ्यांचा हिशेब कुणाच्या आठवणीवर सोडलेला नाही, औषधांच्या दुकानांच्या संगणकातून घेतलेला. विसरण्याच्या रोगाचा अभ्यास करताना ‘तुम्ही कोणत्या गोळ्या घेत होता?’ असे रोग्यालाच विचारणे किती कुचकामी, हे त्यांनी ओळखले होते. एकूण दोन वर्षांहून अधिक काळ गोळ्या घेतलेल्यांचा धोका इतरांच्या पाचवा हिस्सा निघाला.

त्याच महिन्यात नेचरमध्ये आणखी एक शोधनिबंध आला. आयब्युप्रोफेन, म्हणजे आपल्या घरातली ब्रुफेन, आणि तिच्या काही बहिणी पुंजके बनवणारे प्रथिनच कमी तयार होऊ देतात, आणि तेही दाहाचा मार्ग सोडून वेगळ्याच वाटेने, असे पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत ब्रुफेनच्या औषधाने उंदरांच्या मेंदूतले पुंजके घटले होते. त्याच चमूने २००१ मध्ये हळदीतले करक्युमिन उंदरांना दिले आणि तसेच काहीसे पाहिले. आपल्याकडे ‘हळदीने अल्झायमर टळतो’ हे जे अजून सांगितले जाते त्याचे एक मूळ इथे आहे. माणसांवरच्या छोट्या चाचणीत, २०१२ मध्ये, करक्युमिनचा काही गुण दिसला नाही. ते वाक्य मात्र पुढे कुणी पाठवत नाही.

एव्हाना रोग झालेल्यांवरचे प्रयोगही संपत आले होते, आणि ते एकामागून एक फसत होते. प्रेडनिसोन हे सुजेवरचे दमदार औषध १३८ रोग्यांवर वर्षभर तपासून पाहिले. फायदा नाही; उलट वागणे बिघडले. करोनाच्या काळात ज्याचे नाव घरोघरी पोचले ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन डच डॉक्टरांनी १६८ रोग्यांवर दीड वर्ष तपासले. काही नाही. नॅप्रोक्सेन आणि रोफेकॉक्सिब ३५१ रोग्यांवर तपासली. २००३ मध्ये निकाल आला, तोही कोराच. पण या अपयशाला एक उत्तर तयार होते आणि ते पोकळ नव्हते. अल्झायमर कळतो तेव्हा तो मेंदूत पंधरा-वीस वर्षे मुरलेला असतो. घर जळून खांब कोसळल्यावर पाणी ओतून काय उपयोग? गोळी आधी द्यायला हवी, धडधाकट माणसांना.

त्यासाठी ब्राइटनरांनी अमेरिकेच्या सरकारी निधीतून २००१ मध्ये ‘अडॅप्ट’ ही चाचणी सुरू केली. बॉल्टिमोर, बोस्टन, रोचेस्टर, सिॲटल, टॅम्पा, आणि सन सिटी, अशी सहा केंद्रे. वय सत्तरच्या पुढे, स्मृती शाबूत, आणि आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणालातरी अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश झालेला, अशी अट. २,५२८ जण आले. या आकड्यावर थोडे थांबले पाहिजे. यातल्या प्रत्येकाने घरातल्या जिवलगाला नाव विसरताना पाहिले होते. किल्ली हातात घेऊन ती कशाची हे न उमगणारी आई, स्वतःच्याच घरात ‘मला घरी घेऊन चला’ म्हणणारा बाप, असे काहीतरी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असणार. आणि आपल्यावरही तीच पाळी येईल ही भीती. त्यांना सांगितले होते, सात वर्षे दिवसातून दोनदा गोळी घ्या. सेलेकॉक्सिब, नॅप्रोक्सेन की पोकळ, हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही नाही. सत्तरीतल्या माणसाने सात वर्षांचा शब्द देणे ही लहान गोष्ट नव्हे.

सात वर्षे मिळाली नाहीत. सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही नव्या पिढीची औषधे पोटाला जपतील म्हणून आली होती. पण ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने व्हायॉक्स, म्हणजे रोफेकॉक्सिब, जगभरच्या बाजारातून काढून घेतले. दीर्घकाळ घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढत होते. डिसेंबरात भारतातही त्यावर बंदी आली. १७ डिसेंबरला, शुक्रवारी, आतड्याच्या गाठी रोखण्यासाठी चाललेल्या वेगळ्याच चाचणीतून बातमी आली की तिथे सेलेकॉक्सिबनेही हृदयाचा धोका वाढतो आहे. तेच औषध, आणि अडॅप्टमधल्याच मात्रेतही धोका. त्याच दिवशी अडॅप्टच्या लोकांनी गोळ्या थांबवल्या.

पुढचे तीन दिवस गोंधळाचे होते. अडॅप्टच्या स्वतःच्या नोंदींत सेलेकॉक्सिबचा धोका दिसत नव्हता. दिसत होता तो नॅप्रोक्सेनचा, जे सगळ्यांत निर्धोक समजले जात होते आणि अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकले जात होते. २० डिसेंबरला सरकारी निवेदन निघाले : नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांत हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे ५० टक्क्यांनी जास्त. आकडा कच्चा होता आणि इतर अभ्यासांशी जुळत नव्हता. त्यावरून पुढे बरेच वाद झाले, चाचणी घाईने थांबवली का यावरही झाले. मला वाटते, थांबवणे भागच होते. ही माणसे आजारी नव्हती. धडधाकट माणसाला गोळी देताना त्याच्या हृदयाबद्दल शंका उरली, तर उत्तराची कितीही ओढ असली तरी हात आवरावा लागतो.

गोळ्या थांबल्या तरी तपासण्या चालू राहिल्या. २००७ मध्ये पहिला हिशेब आला. तोवर रोग झालेले मोजकेच होते, पण कल उलटा दिसला : गोळी घेणाऱ्यांत अल्झायमर अधिक. २००९ मध्ये सिॲटलच्या २,७३६ वृद्धांच्या अभ्यासातही, जास्त गोळ्या घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश दीडपटीहून अधिक निघाला. हा अभ्यासही ब्राइटनरांचाच. २०११ मध्ये वारा पुन्हा फिरला. सुरुवातीची दोन-अडीच वर्षे वगळली तर निरोगी मेंदूच्या लोकांना नॅप्रोक्सेनने थोडे वाचवले असावे, असे दिसू लागले. आणि २०१३ मध्ये आणखी लांबचा पाठपुरावा करून शेवटचा निकाल लागला. सेलेकॉक्सिब, नॅप्रोक्सेन, पोकळ गोळी : तिन्ही गटांत साधारण सहा टक्क्यांच्या आसपास लोकांना अल्झायमर झाला. फरक नाही.

मग रॉटरडॅम, बॉल्टिमोर, जपानच्या वसाहती, हे सगळे खोटे का? नाही. आकडे खरे होते. ते काय सांगत आहेत हे समजून घेण्यात चूक झाली असावी. दोन वर्षे नेमाने सुजेची गोळी घेणारा माणूस कसा असतो? त्याला गुडघा दुखल्याचे डॉक्टरला नीट सांगता येते. तो दुकानात जातो, चिठ्ठी संपली की नवी आणतो, वेळेवर गोळी आठवते. ज्याच्या मेंदूत रोग शिरला आहे, पण अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही, त्याची तक्रार करण्याची सवयच आधी कमी होते. म्हणजे गोळी घेतल्याने आठवण टिकत नव्हती. आठवण टिकलेली माणसे गोळी घेत होती. जुळ्यांतही हे होऊ शकते आणि आमवाताच्या रोग्यांतही. विस्मरण सुरू झालेल्या म्हाताऱ्यांकडे हळूहळू कुणी गुडघ्याची चौकशीही करत नाही, हे आपण आपल्या घरांत पाहतोच.

आणि दाहाचे काय? तो आहे. मॅकगीअरांनी काचपट्टीवर पाहिले ते खरेच होते. २०१३ मध्ये ट्रेम-टू नावाच्या जनुकाचा या रोगाशी संबंध समोर आला; त्याचा एक दुर्मीळ बदल असलेल्यांना अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट. ते जनुक मेंदूत मायक्रोग्लियातच काम करते आणि त्यांना पुंजक्यांपर्यंत पोचायला, त्यांना वेढून धरायला मदत करते. बिघडलेले जनुक म्हणजे हात ढिले पडलेले राखणदार, आणि राखणदार ढिले पडले की रोग वाढतो. पुंजक्यांभोवती घोळका करून उभ्या असलेल्या त्या पेशी आग लावत होत्या की विझवत होत्या? बहुधा दोन्ही, वेगवेगळ्या वेळी. सरसकट सगळ्यांना झोपवणारी गोळी तिथे चालली नाही यात मग आश्चर्य उरत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विसरू नये म्हणून रोज पेनकिलर देणाऱ्यांनी एवढे तरी ऐकावे : त्याने आठवण राहत नाही, पोट, मूत्रपिंड आणि हृदय मात्र पणाला लागते.

मॅकगीअर दांपत्याला हे शेवटपर्यंत पटले नाही. २०१८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावरही, त्यांनी लिहिले की गोळी पुरेशी आधी सुरू केली तर अल्झायमर टळू शकतो. पॅट्रिक २०२२ मध्ये गेले.

ब्राइटनर त्याच्या बऱ्याच आधी मॉन्ट्रियलला आले होते. त्यांनी आणखी एकदा, अगदी आधी सुरू करून, पाहायचे ठरवले. १९५ माणसे, बहुतेक साठीतली, आईवडिलांपैकी कुणाला किंवा एकाहून अधिक भावंडांना अल्झायमर झालेली. दोन वर्षे, नॅप्रोक्सेन की पोकळ गोळी. या वेळी रोग होण्याची वाट पाहायची नव्हती. स्मृतीच्या चाचण्या, मेंदूच्या प्रतिमा आणि मणक्यातून काढलेले पाणी यांवरून रोग आतल्या आत सरकतो आहे का ते मोजायचे होते. मणक्यात सुई टोचून घ्यायलाही त्यातली बरीच माणसे तयार झाली, आणि तीही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. २०१९ मध्ये निकाल छापून आला. नॅप्रोक्सेनने रोगाची चाल मंदावली नाही, त्रास मात्र वाढवला. शोधनिबंधावर ब्राइटनरांचे नाव होते, पंचवीस वर्षांपूर्वी जुळ्यांच्या निबंधावर होते तसेच.

ज्या गटातून ही १९५ माणसे आली तो गट त्यानंतरही मोडला नाही. नॅप्रोक्सेनच्या बाटल्या परत गेल्या, आणि पुढल्या तपासणीच्या तारखेला तीच माणसे मॉन्ट्रियलच्या दवाखान्यात येऊन शब्दांची यादी पाठ म्हणायला बसली.